फाटकापासून पायरीपर्यंत

एक्केचाळीस फूट.
मी दोनदा मोजलं. हेमांगीने तिसऱ्यांदा,
टेपचं टोक कुबडीखाली दाबून धरून.

राऊच्या ह्या प्लॉटवर माळव्याची काळी माती.
वैशाखात तिला बोट जाईल एवढी भेग पडते,
श्रावणात ती फुगते, चप्पल ठेवून घेते.
मागच्या वर्षी अख्खी ट्रॉली मुरूम तिने गिळला
आणि ढेकरही दिला नाही.

"सिमेंट ओता, सुटाल," शेजारचे दिघे म्हणाले.
काळ्या मातीवर सिमेंट तडकतं,
दिघ्यांचंच तडकलंय,
हे मी बोललो नाही.
हेमांगी बोलली.

मला हवे होते नर्मदेचे गोटे,
खलघाटाकडचे, सावळे, तांबूस,
एखादा कबुतराच्या अंड्यासारखा.
नर्मदेचा कंकर म्हणजे शंकर, हे लहानपणापासून ऐकलेलं.
मग त्याच्यावरून गाडी कशी न्यायची?
हा प्रश्न मला पडला नाही,
पडला खजराण्याच्या शब्बीर पटेलांना.

शब्बीरभाई तीस वर्षं गिट्टी विकतात.
सांगत काही नाहीत, मूठ पुढे करतात.
उजव्या मुठीत गोटे: दाबले की निसटले,
टेबलाखाली गेले, एक तर थेट रस्त्यावर.
डाव्या मुठीत क्रशरची काळी गिट्टी:
दाबली, करकरली,
आणि मग जागची हलेना.
"भिया, गोल पत्थर किसी का सगा नहीं."

तरी हेमांगीचा विश्वास फक्त चाकावर.
अंगणात चार ढीग पसरून घेतले,
आणि ती स्कूटर घेऊन आली,
मागे दोन जास्तीची चाकं लावलेली,
हॉर्न कायम बिघडलेला.

गोट्यांवर डावं चाक नुसतं फिरत राहिलं,
नाव आठवत नसलेल्या माणसासारखं.
मुरमावर ठीक. मग तिने बादलीभर पाणी ओतायला लावलं,
त्याचा शिरा झाला.
चाळीस एमएमच्या गिट्टीवर स्कूटर उडाली,
तिने दात आवळले, मी डोळे.
वीसच्या गिट्टीत चुरी मिसळलेली होती.
तिथे तिने ब्रेक मारला,
उतरली,
कुबडी टेकवून सगळा भार टाकला.
रुतली नाही.
ती तशीच उभी राहिली, जरा जास्तच वेळ,
जणू कुणी मागून हाक मारेल.

मग नऊ इंच माती काढली, कापड अंथरलं,
खाली चाळीसची, वर वीसची,
पाणी, रोलर, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर,
कडेला उभ्या विटा, नाहीतर सगळं पसरतं.
उतार गुलमोहराकडे.
चुरी बघून मी म्हणालो, ही धूळ धुऊन टाकू का?
शब्बीरभाईंनी पहिल्यांदा आवाज चढवला.
धूळच तर धरून ठेवते, म्हणे.

माझी आई हेमांगीला टोकदार म्हणायची.
मी सगळ्यांशी गोल बोलत आलो,
आईशी, दिघ्यांशी, ऑफिसात चार साहेबांशी,
आणि त्याला स्वभाव म्हणत आलो.
एकतीस वर्षांत कितीदा कुणाच्या पायाखालून निसटलो,
त्याचा हिशेब तिच्याकडे असेल.
विचारलं नाही.

आता संध्याकाळी स्वयंपाकघरातच कळतं,
करकर फाटकाशी, करकर गुलमोहरापाशी,
मग थोडं थांबून
कुबडीचा एकच कोरडा ठोका.
मी गॅस बारीक करतो.

हट्टाने आणलेले पाच-सहा गोटे
नळाखाली ठेवलेत. ओले छान दिसतात.

फाटकाजवळ उजव्या चाकाची चाकोरी
बोटभर खाली गेलीय.
पावसाच्या आत
शब्बीरभाईंना फोन केला पाहिजे.